'दा' : एका अक्षराचा पाठ



ह्या अभ्यासाला आरंभ करण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील तीन स्थळे शांतपणे वाचावीत, अशी विनंती आहे. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायातील पहिली नऊ वचने, प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली तेरा वचने आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातील सहा ते बारा ही वचने. पहिल्या स्थळी माणसांच्या भाषेचा घोटाळा होतो. दुसऱ्या स्थळी अनेक भाषांतून एकच सुवार्ता ऐकू येते. तिसऱ्या स्थळी पौल मंडळीला विचारतो की, बोलणाऱ्याचा अर्थच ऐकणाऱ्याला कळला नाही, तर त्या बोलण्याचा उपयोग काय?

ह्या तिन्ही वाचनांच्या उजेडात आज आपण एका अगदी लहान शब्दाचा विचार करणार आहोत. तो शब्द म्हणजे 'दा'. तो उच्चारायला क्षणभरही लागत नाही. परंतु एका चुकीच्या समजुतीमुळे आमच्या घरात व शेजारच्या घरात जो दोन वर्षांचा अबोला धरला गेला होता, तो शेवटी ह्या एका अक्षराने मोडला. म्हणून हा पाठ मी पुस्तकातून शिकण्याआधी घराच्या ओसरीत शिकलो.

अनेक भाषांचे नगर

भिलाई हे छत्तीसगढातील दुर्ग जिल्ह्यातले पोलादाचे नगर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ ह्यांच्यामध्ये करार झाला आणि भाताच्या खाचरांच्या ह्या प्रदेशात वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नव्हता. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढावर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानीही नागपूरच होती. मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भातून पुष्कळ मंडळी येथे नोकरीस आली. आमचे वडील त्यांपैकीच एक.

कारखान्याने केवळ पोलाद घडविले नाही, तर भारताच्या कानाकोपऱ्यांतील माणसे एका रांगेत आणून वसविली. आमच्या क्वार्टरच्या डाव्या हाताला बंगाली कुटुंब होते, समोर पंजाबी शीख कुटुंब होते, आणि उजव्या हाताला श्रीकाकुलमकडील एक तेलुगू ख्रिस्ती कुटुंब होते. दूध घालायला येणारी बाई छत्तीसगढी बोले. कारखान्यात तर रशियन तज्ज्ञही होते. अशा ठिकाणी नात्याचे शब्दसुद्धा जपून ऐकावे लागत. आमच्या घरी 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. हिंदी बोलणाऱ्या मित्राच्या घरी 'दादा' म्हणजे आजोबा. दूधवालीच्या मुलांना 'ददा' म्हणजे वडील. "तुझे दादा आले आहेत," असे शाळेत कोणी सांगितले, तर नेमके कोण आले हे फाटकापर्यंत गेल्यावाचून कळत नसे. ह्या गोष्टीचे आम्हां मुलांना हसू येई. परंतु प्रत्येक घोटाळा हसण्यावारी जात नाही, हे आम्हांला लवकरच कळले.

उंबरठ्यावरील शब्द

१९७४ च्या नाताळापूर्वीची गोष्ट. तेलुगू शेजाऱ्यांच्या घरी प्रार्थनासभा होती. ते कुटुंब नुकतेच राहावयास आले होते, आणि त्या गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री गावाहून आल्या होत्या. त्यांची नातवंडे त्यांना 'नानम्मा' म्हणत, म्हणजे वडिलांची आई. त्यांना तेलुगूखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. आमची आई नवे लुगडे नेसून, हातात ताटलीभर करंज्या घेऊन त्यांच्या दारी गेली. नानम्मांनी दोन्ही हात जोडले आणि हसतमुखाने एक शब्द उच्चारला.

तो शब्द मी येथे लिहीत नाही. तेलुगू भाषेत त्याचा अर्थ 'यावे', 'आपण यावे', इतकाच आहे. थोरामोठ्यांना आदराने बोलावण्याचा तो नित्याचा शब्द आहे. परंतु मराठी व हिंदी कानांना तो स्त्रीला दिलेल्या अत्यंत हीन शिवीसारखा ऐकू येतो. आई उंबरठ्यावरूनच मागे फिरली. करंज्यांची ताटली तिने आमच्या ओट्यावर ठेवली आणि ती कोणाशी काही न बोलता आत जाऊन बसली. वडिलांनी पुष्कळ विचारले; पण तो शब्द तिच्या तोंडून कसा निघावा? "त्या घरी मी पुन्हा पाऊल टाकणार नाही," एवढेच ती म्हणाली.

नानम्मांनाही कळेना की, आपल्या हातून काय घडले. आपल्या हातचे पाणी ह्या लोकांना चालत नसावे, असा त्यांनी समज करून घेतला. दोन भिंतींच्या मधोमध एक भिंत होतीच. आता तिच्यावर दुसरी चढली. रविवारच्या हिंदी उपासनेला दोन्ही कुटुंबे येत आणि बाकांच्या दोन टोकांना बसत. एकाच मेजावरून आम्ही प्रभुभोजन घेत होतो, पण एकमेकांच्या ओटीवर जात नव्हतो. वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर आधी जाऊन समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). ते वचन आम्हांला पाठ होते. पण दोन्ही पक्षांना आपणच दुखावलेले आहोत असे वाटत असले, म्हणजे आधी कोणी उठावे?

हा प्रश्न घटकाभर तसाच राहू द्या. आता आपण 'दा' ह्या शब्दाकडे वळू. भिलाईच्या त्या एका रांगेत, आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतही, तो किती रूपांनी भेटतो ते पाहू.

१. बंगालीतील 'दा' : भाऊ की कोयता?

बंगालीत थोरल्या भावाच्या किंवा वडीलधाऱ्या मित्राच्या नावापुढे 'दा' जोडतात. तो 'दादा'चा संक्षेप आहे. त्यात जिव्हाळा आहे आणि मानही आहे. आमचे वडील एक विनोद सांगत असत. रशियन तज्ज्ञाने यंत्र तपासताना मान हलवून "दा, दा" म्हटले की, नवखे बंगाली बाबू खूश होत. साहेब आपल्याला दादा म्हणतो, असे त्यांना वाटे. साहेब बिचारा 'होय, होय' म्हणत असे.

परंतु त्याच बंगालीत 'दा' ह्या शब्दाचा दुसराही अर्थ आहे. झाडे-झुडपे तोडण्याच्या, नारळ फोडण्याच्या जड कोयत्याला 'दा' म्हणतात. दोघांचे हाडवैर सांगायचे असले, तर बंगाली माणूस त्यांचे नाते 'दा' आणि भोपळ्याचे आहे असे म्हणतो. उच्चार तोच, एक 'दा' पाठीशी उभा राहणारा, दुसरा 'दा' दुभंग करणारा.

वाचकहो, आपल्याला येथे काइन व हाबेल आठवल्यावाचून राहत नाहीत (उत्पत्ती ४). काइन थोरला, म्हणजे हाबेलाचा 'दा'. भावाच्या राखणीची जबाबदारी झटकताना त्याने परमेश्वरालाच उलट प्रश्न केला. जो भाऊ व्हावयाचा, तो शस्त्र झाला. ह्याच्या उलट, इब्री लोकांस पत्राचा लेखक सांगतो की, प्रभू येशूला आपणांस बंधू म्हणावयाची लाज वाटत नाही (इब्री २:११), आणि पौल त्याला पुष्कळ बंधूंमध्ये ज्येष्ठ म्हणतो (रोम. ८:२९). ज्याला थोरला भाऊ म्हणतात, त्याने धाकट्यासाठी घाव सोसावा की त्याच्यावर घाव घालावा, ह्याचे उत्तर वधस्तंभाने दिले आहे.

२. पंजाबीतील 'दा' : कोणाचा?

पंजाबीतील 'दा' हा स्वतंत्र शब्दही नव्हे. मराठीत आपण 'चा, ची, चे' लावतो, हिंदीत 'का, की, के' लावतात, तसे पंजाबीत 'दा, दी, दे' लावतात. समोरच्या घरातील आजोबा आम्हां मुलांना थांबवून विचारत, तू कोणाचा? त्यांच्या वाक्यातील 'दा' ही एक गाठ होती. तिने मूल बापाला, माणूस गावाला बांधला जाई.

ही गाठ चांगली आहे, पण ती कोठे बांधावी हे ठाऊक असले पाहिजे. करिंथ येथील मंडळीत कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे अपुल्लोसाचा, कोणी म्हणे केफाचा (१ करिंथ. १:१२). सगळे भांडण ह्या एका 'चा'चे होते. आपल्या मंडळ्यांत आजही आम्ही नागपूरचे, आम्ही अहमदनगरचे, ते आंध्रचे, ते केरळचे, असे म्हटले जाते. पौल ह्या वादाचा निकाल थोडक्यात लावतो. पौल, अपुल्लोस, केफा हे सारे तुमचेच आहेत, आणि तुम्ही ख्रिस्ताचे आहात (१ करिंथ. ३:२१-२३). पंजाबी 'दा' आपल्याला हाच प्रश्न करतो : शेवटी तू कोणाचा?

३. रशियनमधील 'दा' : होय आणि होवो

रशियन भाषेत 'दा' म्हणजे 'होय'. भिलाईच्या पहिल्या पिढीतील कित्येक कामगारांनी परक्या भाषेतील पहिला शब्द म्हणून तोच ऐकला. सोव्हिएत संघ १९९१ साली लयाला गेला, तरी त्या पिढीच्या तोंडी तो शब्द राहिला.

ह्या शब्दाला आणखी एक छटा आहे. क्रियापदाच्या आधी आला म्हणजे तो 'होवो', 'असो' असा अर्थ देतो. १८७६ साली पूर्ण प्रसिद्ध झालेल्या रशियन बायबलात देव प्रकाशाला अस्तित्वात यावयाची आज्ञा करतो, ती ह्याच 'दा'ने सुरू होते. प्रभूच्या प्रार्थनेत देवाची इच्छा पूर्ण व्हावी असे आपण मागतो, तेथेही 'दा' आहे. देवदूताचे बोलणे ऐकून मरीया स्वतःला देवाच्या स्वाधीन करते, तेथेही तोच आहे (लूक १:३८). म्हणजे निर्माणकर्त्याची आज्ञा आणि दासीचा होकार ह्या भाषेत एकाच अक्षराने आरंभ पावतात.

करिंथ येथील काही लोकांनी पौलावर आरोप केला होता की, ह्याच्या बोलण्यात होय आणि नाही दोन्ही असतात. पौलाने उत्तर दिले की, आम्ही ज्याची घोषणा केली तो देवाचा पुत्र होय-नाही असा नव्हता, देवाच्या सर्व वचनांचा होकार त्याच्यामध्येच आहे (२ करिंथ. १:१७-२०). रशियन वाचक ह्या ठिकाणी 'दा' वाचतो. शपथा न वाहता होय तर होय म्हणण्याची आज्ञा (मत्तय ५:३७) मंडळीच्या हिशेबात, लग्नाच्या बोलणीत आणि उसने घेतलेल्या पैशातही तितकीच लागू आहे.

४. संस्कृत व लॅटिनमधील 'दा' : दे

संस्कृतात 'दा' हा देण्याचा धातू आहे. दान, दाता, वरद, जलद हे आपले नित्याचे शब्द त्यावरूनच झाले. लॅटिन भाषेतही 'दा' म्हणजे 'दे'. हा मात्र योगायोग नव्हे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या एका लुप्त भाषेच्या मुली असाव्यात, असे मत मांडले, आणि पुढील अभ्यासाने ते नाते पक्के झाले. वसईकडील ज्या वृद्ध कॅथलिक बांधवांनी १९६० नंतरच्या बदलांपूर्वीची लॅटिन उपासना ऐकली आहे, त्यांनी प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी ह्याच 'दा'ने केलेली ऐकली असेल.

मागताना 'दे' म्हणणे सोपे आहे. पण देवाने जगावर प्रीती केली, ती देण्याने प्रकट झाली (योहान ३:१६). घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, हे प्रभूचे बोल पौलाने इफिसच्या वडिलांना निरोप देताना आठवून दिले (प्रे. कृत्ये २०:३५). ज्याच्या प्रार्थनेत 'दे' आहे, त्याच्या हातातही 'दे' असावे.

५. शास्त्राच्या अरामी भाषेतील 'दा' : हे

जुना करार मुख्यतः इब्री भाषेत असला, तरी दानीएलाच्या पुस्तकाचा मधला भाग, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत, अरामी भाषेत आहे. त्या अरामीत 'दा' म्हणजे 'ही', 'हे'. नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरत 'हीच ती थोर बाबेल' अशा अर्थाची बढाई मारतो, तेथे 'दा' आहे (दानीएल ४:३०). पुढच्याच अध्यायात भिंतीवर लिहिणारा हात पाहून बेलशस्सराचे गुडघे एकमेकांवर आपटू लागतात. 'एकमेकांवर' हे सांगताना मूळात 'दा' दोन वेळा आला आहे (दानीएल ५:६). बोट दाखवून 'हे माझे' म्हणणाऱ्या राजघराण्याची बढाई एका अध्यायानंतर गुडघ्यांच्या थरथरीत संपते, आणि दोन्ही ठिकाणी शब्द तोच.

त्या भिंतीवरील शब्दही लहानच होते. राजाच्या ज्ञान्यांना ते वाचता आले नाहीत, की त्यांचा अर्थ सांगता आला नाही. दानीएलाने त्यांचा उलगडा मोजलेले, तोललेले आणि विभागलेले असा केला, आणि शेवटल्या शब्दात पारसी लोकांचे नावही दडलेले होते. लहान शब्दाला हलके समजू नये, हेच हा प्रसंग शिकवितो.

एक सावधगिरी

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संस्कृत व लॅटिन 'दा' एका कुळातले आहेत. परंतु बंगाली, पंजाबी, रशियन व अरामी 'दा' ह्यांचा एकमेकांशी अर्थाचा संबंध नाही. ध्वनी सारखा म्हणून अर्थ सारखा, असे धरून कोणी शास्त्राचा अर्थ लावू लागला, तर तो स्वतः फसेल व मंडळीलाही फसवील. काही उपदेशक इब्री शब्दाचे मराठी शब्दाशी ध्वनिसाम्य दाखवून त्यावर सिद्धान्त उभारतात. असे उपदेश ऐकायला गोड लागतात, पण त्यांचा पाया वाळूवर असतो. वरील पाच विभागांत आपण शब्दांचे मूळ एक केलेले नाही. प्रत्येक शब्दाच्या निमित्ताने शास्त्रातील एकेक सत्य आठवले, इतकेच.

भाषांतरकारांना ही सावधगिरी पदोपदी बाळगावी लागते. पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. साध्याभोळ्या स्त्रियांना कळावे, ही त्यांची तळमळ होती. मूळ शब्द बरोबर समजला, तरी तो ऐकणाऱ्याच्या कानांत काय होऊन पडेल, ह्याचाही विचार त्यांना करावा लागला.

ऐकणारा आपल्या मनाप्रमाणे ऐकतो, ही गोष्ट आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापती देव, मनुष्य व असुर ह्या तिघांनाही 'द' हे एकच अक्षर सांगतो. देव त्याचा अर्थ इंद्रियदमन असा घेतात, मनुष्य दान असा घेतात, आणि असुर दया असा घेतात. तेथे प्रत्येकाने आपली उणीव ओळखली, म्हणून अर्थ हितकारक झाला. पण आपण बहुधा आपली उणीव ऐकत नाही. आपला अपमान ऐकतो.

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ह्याची भयंकर परिसीमा दिसते. यार्देनेच्या उताराशी गिलादी लोक पळून येणाऱ्याला 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. एफ्राइमी माणसाला तो उच्चार साधत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तेथेच मारला जाई. बेचाळीस हजार माणसे पडली. दोन्ही पक्ष इस्राएलाचेच होते. एका 'श'पायी भावाने भावाला ओळखले नाही. ओळखले ते मारण्यासाठी.

पौल करिंथकरांना सांगतो की, जगात भाषा पुष्कळ आहेत आणि अर्थावाचून एकही नाही; मला जर अर्थ कळला नाही, तर मी बोलणाऱ्याला परका आणि तो मला परका (१ करिंथ. १४:१०-११). येथे पौलाने वापरलेला ग्रीक शब्द 'बार्बारोस' असा आहे. ज्यांची भाषा आपल्याला नुसती 'बर-बर' अशी ऐकू येते, ते लोक, असा त्याचा उगम आहे. पण पौलाचा न्याय पाहा. तो म्हणत नाही की, फक्त बोलणारा परका. अर्थ न कळणारा मीही तितकाच परका.

६. तेलुगूतील 'दा' : ये

आता आमच्या ओसरीकडे परत येऊ.

१९७६ चा उन्हाळा होता. वडील रात्रपाळीला गेले होते. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता. संध्याकाळपासून तो तापाने फणफणला होता, आणि रात्री त्याला झटके येऊ लागले. आई त्याला छातीशी धरून ओसरीत आली आणि कोणाला हाक मारावी हे न सुचून उभी राहिली. बंगाली कुटुंब गावी गेले होते. उजवीकडचे दार उघडले. नानम्मा बाहेर आल्या. त्यांनी काही विचारले नाही. दोन्ही हात पुढे करून त्या मुलाला म्हणाल्या, "दा, नान्ना, दा."

आईने मूल त्यांच्या हातांत दिले. नानम्मांच्या मुलाने आईला व भावाला रिक्षातून रुग्णालयात पोहोचविले आणि वडील कारखान्यातून येईपर्यंत ते तेथेच बसून राहिले. मला नानम्मांनी आपल्या घरी नेऊन झोपविले. तिसऱ्या दिवशी भाऊ बरा होऊन घरी आला.

आईला बंगाली शेजारामुळे 'दा' ठाऊक होता. ती त्या गृहस्थांना म्हणाली, "तुमच्या आईने माझ्या लेकराला दादा म्हटले. इतके दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, तरी म्हटले." गृहस्थ हसून म्हणाले, "ताई, आमच्या भाषेत दा म्हणजे दादा नव्हे. दा म्हणजे ये. लहानांना, अगदी जवळच्यांना आम्ही दा म्हणतो. परक्यांना व मोठ्यांना असे म्हणत नाहीत. त्यांना म्हणतात..." आणि त्यांनी तो दुसरा शब्द उच्चारला. उच्चारताना त्यांनी हात जोडले होते.

आई ओट्यावर मटकन बसली. दोन वर्षांपूर्वी जोडलेले दोन हात तिला आता दिसले. तेव्हाही ते दिसलेच होते. पण तिने फक्त कानांनी ऐकले होते, डोळ्यांनी ऐकले नव्हते. ती तशीच उठून त्यांच्या घरात गेली आणि नानम्मांच्या पायांशी बसली. जे झाले ते तिने मराठीत सांगितले, आणि मुलाने ते तेलुगूत सांगितले. मधल्या काही वाक्यांचे भाषांतर त्यांना करता आले नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. शेवटी आई म्हणाली, "त्यांना सांगा, मला तो मानाचा शब्द नको. मलाही दाच म्हणा." पुढे वडील निवृत्त होऊन आम्ही ते घर सोडीपर्यंत, दुपारची भांडी आवरली की उजवीकडच्या दारातून हाक येई, "दा, अम्मा, दा."

आदराचा शब्द अपमान ठरला होता, आणि लहानांना हाक मारण्याचा शब्द मान ठरला. शब्दाचा अर्थ कोशात असतो हे खरे. पण तो बोलणाऱ्याच्या मुद्रेतही असतो, त्याच्या हातांतही असतो, आणि तो विचारल्यावाचून नेहमीच कळतो असे नाही. आईने त्या दिवशी "तुम्ही काय म्हणालात?" एवढे विचारले असते, तर दोन वर्षे वाचली असती. आणि तिने न विचारल्याचा दोष तिच्या एकटीचा नव्हता. मंडळीतील आम्हां कोणालाही, बाकाच्या दोन टोकांमधील ती मोकळी जागा दिसत असताना, कारण विचारावेसे वाटले नाही.

प्रभूनेही कष्टी व भाराक्रांत जनांना जे आमंत्रण दिले, त्याचा गाभा 'या' एवढाच आहे (मत्तय ११:२८). आपल्या दारातून निघणारा शब्द कोणत्याही भाषेचा असो, तो ऐकणाऱ्याला 'ये' असा ऐकू येतो काय?

७. मराठीतील 'दा' : कितीदा?

इतक्या भाषा फिरून आलो, पण आपल्या मायबोलीत 'दा' नाही काय? आहे, आणि तो आपण रोज वापरतो. एकदा, दोनदा, अनेकदा, पुष्कळदा. संस्कृतातील एकदा, सदा, यदा, तदा ह्यांमध्ये काळ दाखविणारा जो प्रत्यय आहे, तोच हा. तो शब्दाच्या शेवटी इतका चिकटून बसला आहे की, त्याच्याकडे आपले लक्षच जात नाही.

पेत्राने प्रभूला विचारलेला प्रश्न आपल्या बोलीत ह्या 'दा'वाचून विचारता येत नाही. भावाने माझा अपराध केला, तर मी त्याला कितीदा क्षमा करावी? सातदा काय? प्रभूने सांगितलेली संख्या, साताच्या सत्तरपट, ही मोजून संपविण्यासाठी नव्हती. मोजणे सोडून देण्यासाठी होती (मत्तय १८:२१-२२). आणि त्याच्या जोडीला इब्री लोकांस पत्रातील दुसरा 'दा' ठेवावा : ख्रिस्त पुष्कळांची पापे वाहण्यासाठी एकदाच अर्पिला गेला (इब्री ९:२८). आपल्याला कितीदा क्षमा करावी हा प्रश्न पडतो, कारण त्याने एकदाच पण पुरेपूर केलेली क्षमा आपण विसरतो.

पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत भाषा नाहीशा झाल्या नाहीत. पार्थी, मेदी, एलामी, मिसरी असे सर्व लोक आपापल्याच भाषेत ऐकत होते. बाबेलचा घोटाळा देवाने सर्वांची एक भाषा करून मिटविला नाही, तर प्रत्येकाला समजेल असे बोलून मिटविला. भिलाईसारख्या नगरांत, मुंबई-पुण्याच्या इमारतींत, परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांच्या शेजारात हेच काम आज आपल्याकडे आले आहे. परक्याची भाषा पूर्ण शिकणे सर्वांना साधणार नाही. पण रागावण्यापूर्वी अर्थ विचारणे प्रत्येकाला साधेल.

नानम्मा व आई दोघीही आता प्रभूमध्ये निजल्या आहेत. त्यांनी दिलेला हा पाठ वाचकांच्या स्वाधीन करतो.

घरगुती सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. एखाद्याच्या बोलण्याने आपण दुखावलो, तेव्हा त्याला काय म्हणावयाचे होते, हे आपण त्यालाच कधी विचारले आहे काय?

२. 'मी अमक्याचा, मी तमक्याचा' हा करिंथचा वाद आपल्या मंडळीत आज कोणत्या रूपाने दिसतो?

३. गिलादी व एफ्राइमी ह्यांच्याप्रमाणे आपणही उच्चारावरून, पेहरावावरून किंवा आडनावावरून माणसाला पारखतो काय?

४. आपल्या उपासनेत बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसते? पुढच्या प्रभुभोजनापूर्वी त्याच्या दारी जाऊन काय बोलावे लागेल?